मुलांचें पहिलें विज्ञान : शिरूर अनंतपाळच्या शिवारांत

विज्ञान हा शब्द उच्चारतांच सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढें कांचेच्या नळ्या, विजेचीं यंत्रें आणि पांढरे झगे घातलेले पंडित उभे राहतात. लातूर जिल्ह्यांतील शिरूर अनंतपाळ तालुक्यांत अशी प्रयोगशाळा शोधावयास निघालेल्या गृहस्थास बहुधा रिकाम्या हातीं परतावें लागेल. खेड्यांतील प्राथमिक शाळेच्या कपाटांतून एखादें भिंग, एक लोहचुंबक आणि पृथ्वीचा गोल एवढें साहित्य निघालें तरी पुष्कळ म्हणावयाचें. परंतु त्याच शाळेच्या अंगणांत सकाळपासून दुपारपर्यंत एक प्रयोग रोज चाललेला असतो, आणि त्यास कोणाच्या मंजुरीची गरज लागत नाहीं. झेंड्याच्या खांबाची सावली तेवढ्या वेळांत पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते. ती सरकतांना पाहणारीं मुलें मात्र त्या वेळीं वर्गांत बसून 'सूर्य पूर्वेस उगवतो व पश्चिमेस मावळतो' हें वाक्य पाठ करीत असतात.

तिसरी-चौथीच्या वर्गांत 'भरदुपारीं सूर्य कोठें असतो?' असें विचारलें तर 'डोक्यावर' असें उत्तर एका सुरांत येतें, आणि त्या उत्तरास पूर्ण गुण मिळतात. शिरूरपुरतें बोलावयाचें तर तें उत्तर वर्षांतील दोनच दिवस खरें असतें. उरलेले तीनशें त्रेसष्ट दिवस तें चुकीचें असतें. हें विधान कोणास अतिशयोक्तीचें वाटेल. म्हणून पडताळा कसा पाहावयाचा तें प्रथम सांगितलें पाहिजे.

एक मीटर लांबीची सरळ काठी घ्यावी. सपाट जागीं ती ओळंबा धरून उभी रोवावी. साडेअकरा वाजल्यापासून दर पांच मिनिटांनीं सावलीच्या टोंकाशीं एकेक खडा ठेवीत जावें. सावली प्रथम आंखूड होत जाते, मग पुन्हा लांबूं लागते. सर्वांत आंखूड सावली ज्या क्षणीं पडली तो त्या गांवचा खरा मध्यान्ह, आणि ती सावली ज्या रेषेवर पडली ती उत्तर-दक्षिण रेषा. होकायंत्र विकत न आणतां दिशा सांपडली, हा पहिला लाभ. दुसरा लाभ यापेक्षां मोठा आहे. ही मध्यान्हींची सावली फूटपट्टीनें मोजून वहींत लिहून ठेवली, आणि महिन्यांतून एकदां तेंच काम पुन्हा केलें, तर वर्षअखेर मुलांच्या हातीं एक कोष्टक येतें. २२ डिसेंबरच्या सुमारास मीटरभर काठीची सावली सुमारें ८९ सेंटिमीटर भरते. २१ मार्चला ती ३३ सेंटिमीटरांवर येते. मे महिन्याच्या मध्यास, १३ तारखेच्या आसपास, ती नाहींशी होते. काठीच्या बुडाशीं पाहिलें तरी सांपडत नाहीं. आणि २१ जूनला ती पुन्हा प्रकट होते, पण उत्तरेकडे नव्हे तर दक्षिणेकडे, जेमतेम ९ सेंटिमीटर! जुलैच्या अखेरीस ती पुन्हा एकदां नाहींशी होऊन मग वर्षभर उत्तरेस पडत राहते.

जूनमधील सावली दक्षिणेकडे पडते ही गोष्ट या भागांतील पुष्कळशा शिकल्यासवरल्या मंडळींस ठाऊक नसते. शिरूर अनंतपाळ हें विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १८.३ अंशांवर आहे. सूर्य मात्र उत्तरेस २३.४ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे जातांना एकदां आणि येतांना एकदां तो शिरूरच्या बरोबर माथ्यावरून जातो, आणि मधले अडीच महिने तो गांवाच्या उत्तरेस असतो. दिल्लीच्या मुलास हा देखावा जन्मांत आपल्या गांवीं दिसावयाचा नाहीं, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. राजधानींतील मुलाला जें पाहतां येत नाहीं तें शिरूरच्या मुलाला अंगणांत पाहतां येतें, हें त्या मुलास कोणी तरी सांगावयास हवें. अडचण एवढीच कीं मे महिन्यांत शाळेला सुटी असते आणि जुलैअखेर आभाळ भरलेलें असतें. सूर्य शाळेचें वेळापत्रक पाहून चालत नाहीं. तेव्हां मे महिन्यांतील निरीक्षण सुटींतील काम म्हणून घरीं सोंपवावें हें उत्तम. त्यासाठीं काठीही नको. सरळ कडांचा डबा उन्हांत ठेवला तरी पुरे. 'माय, डब्याची सावली कुठं गेली?' हा प्रश्न विचारण्यास तेवढें भांडवल पुष्कळ आहे.

खडे ठेवीत बसलेल्या मुलांपैकीं एखादें चौकस मूल आणखी एक शंका काढतें. घड्याळांत बारा वाजले तरी सावली अजून आंखूड होतच आहे, हें कसें? कोण चुकतें, घड्याळ कीं सूर्य? खरें पाहतां कोणीच चुकत नाहीं. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानांत जी प्रमाणवेळ धरली गेली ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. ही रेषा उत्तरेकडे मिर्झापूरजवळून जाते. शिरूर तिच्या पश्चिमेस पावणेसहा अंशांच्या आसपास आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटें लागतात. म्हणून मिर्झापुरास मध्यान्ह होऊन बावीस-तेवीस मिनिटें लोटल्यावर तो शिरूरला येतो. त्यांतही वर्षभर थोडा फेर पडतो : नोव्हेंबरच्या आरंभीं शिरूरचा मध्यान्ह बारा वाजून सहा-सात मिनिटांनीं होतो, तर फेब्रुवारीच्या मध्यास साडेबारा उलटून गेलेले असतात. या फेराचें कारण पृथ्वीच्या कक्षेच्या लंबगोल आकारांत आणि तिच्या कललेल्या आंसांत आहे. पण चौथीच्या मुलाला तें लगेच सांगण्याची घाई करूं नये. त्यानें तो फेर स्वतःच्या वहींत प्रथम पाहावा. कारण मागाहून सांगितलें तर चालतें. परंतु कारण आधीं सांगून टाकलें म्हणजे पाहण्याची इच्छाच मरते.

सावलीनंतर पाणी. मराठवाड्यांत पाण्याविषयीं मुलांना नवें असें काय सांगावयाचें असा प्रश्न पडेल. घागर घेऊन रांगेंत उभें राहिलेलें मूल पाण्याचें मोल जाणतेंच. तथापि पाणी जातें कोठें, ही गोष्ट निराळी आहे. तीन सारखे पेले भरून पाणी घ्यावें. एक पेला पसरट ताटांत ओतावा, दुसरा अरुंद तोंडाच्या तांब्यांत, आणि तिसरा वाडग्यांत ओतून त्यावर ताटली झांकावी. तिन्ही भांडीं उन्हांत ठेवावीं. संध्याकाळीं ताट कोरडें असतें, तांब्यांतलें पाणी किंचित् उतरलेलें असतें, आणि झांकलेल्या वाडग्यावरील ताटली उचलली तर तिच्या आंतल्या बाजूस थेंब लोंबत असतात. 'ताटांतलें पाणी कोठें गेलें?' असें विचारल्यावर लहान मुलें बहुधा 'जिरलें' असें उत्तर देतात, कारण त्यांनीं जमिनींत पाणी जिरतांना पाहिलेलें असतें. हें उत्तर हंसण्यासारखें नाहीं. तें अनुभवावर उभारलेलें आहे. पण पितळी ताटाला भोंक नाहीं, हें दाखविलें कीं तो तर्क मुलें स्वतःच सोडतात आणि ताटलीखालच्या थेंबांकडे वळतात. 'बाष्पीभवन' हा शब्द त्यानंतर यावा.

शिरूर अनंतपाळ तालुक्यांत घरणी आणि साकोळ असे दोन मध्यम प्रकल्प आहेत. त्यांच्या जलाशयांकडे पाहतांना ताट आणि तांब्या यांचा हा खेळ आठवला म्हणजे मुलाच्या लक्षांत येतें कीं उथळ व पसरट तळें हें एक मोठें ताटच आहे. दख्खनच्या उन्हांत उघड्या पाण्यावरून वर्षाकाठीं दीड ते दोन मीटर उंचीचा थर हवेंत उडून जातो. माणसानें एक थेंबही न उपसतां! लातूर शहरास पाणी पुरविणारें मांजरा नदीवरील धरण २०१६ च्या उन्हाळ्यांत कोरडें पडलें आणि १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. दहा वाघिणी, पांच लक्ष लिटर पाणी. त्या गाडीचीं छायाचित्रें देशभर झळकलीं. तें पाणी आणणें आवश्यकच होतें यांत शंका नाहीं. परंतु त्याच पांच लक्ष लिटरांचा हिशेब पांचवीच्या वर्गांत मांडला तर एक विलक्षण गोष्ट दिसते.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे बरोबर एक लिटर पाणी होतें. हें सूत्र मुलांनीं पाठ करण्यापेक्षां मीटरभर चौकट आंखून, लिटरचें माप घेऊन ताडून पाहावें. या भागांत साधारण वर्षीं सातशें ते आठशें मिलिमीटर पाऊस पडतो. शाळेचें छप्पर शंभर चौरस मीटरांचें धरलें तर आठशें मिलिमीटर पावसांत त्यावर ऐंशी हजार लिटर पाणी पडतें. शंभर मुलें, प्रत्येकीं रोज चार लिटर, आणि शाळेचे दोनशें दिवस : याचाही गुणाकार ऐंशी हजारच येतो! अर्थात् छपरावर पडलेलें सगळें पाणी हातीं लागत नाहीं. कांहीं शिंतोड्यांत जातें, कांहीं कौलांत वा सिमेंटांत मुरतें, पहिल्या सरीचें घाणेरडें म्हणून सोडून द्यावें लागतें. पांचवा हिस्सा वजा केला तरी जें उरतें तें थोडें नव्हे. आणि पाऊस मोजण्यास तरी काय लागतें? सरळ भिंतींचा एक डबा आणि एक पट्टी. पावसाळाभर रोज सकाळीं ठरलेल्या वेळीं डबा मोजून आंकडा फळ्यावर लिहिणाऱ्या वर्गाला 'यंदा पाऊस कमी झाला' या गावगप्पेचा अर्थ कोणाहून अधिक नेमका कळतो.

येथें भाषेविषयीं दोन शब्द बोलणें आवश्यक आहे. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं निलंगा तालुका बिदर जिल्ह्यांत मोडत असे आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तो मराठी मुलखास येऊन मिळाला. १९१८ सालीं हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. तेथें विज्ञानासकट सर्व विषय उर्दूंतून शिकविले जात. एका हिंदी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता आणि त्यासाठीं झालेलें भाषांतराचें कार्य थोर होतें, हें मान्य केलेंच पाहिजे. पण ज्याच्या घरीं मराठी बोलली जाते त्या मुलास वरच्या इयत्तेंत चढतांना विज्ञानही नवें आणि भाषाही नवी, असें दुहेरी ओझें उचलावें लागे. त्याच काळांत, १९२८ पासून, पुण्यास 'सृष्टिज्ञान' मासिक मराठींतून हेच विषय सांगूं लागलें होतें. आज तिसरीपासून 'परिसर अभ्यास' मराठींत आहे. तरीही जुनें दुखणें नव्या रूपांत शिल्लक आहे. पुस्तकी मराठी आणि शिवारांतील मराठी यांच्यामध्यें दरी आहे. 'सच्छिद्र' हा शब्द ज्याला अडतो, त्याच मुलाला मुरमांत पाणी चटकन् जिरतें आणि काळ्या रानांत तें तुंबतें हें पक्कें ठाऊक असतें. गुरुजींनीं प्रथम त्याच्या शब्दांनीं बोलावें आणि मग पुस्तकाचा शब्द त्याच्या शेजारीं आणून बसवावा. उलट क्रमानें गेल्यास दोन्ही शब्द परके होतात. मध्यप्रदेशांत होशंगाबादेस १९७२ पासून खेड्यांतील शाळांतून जो विज्ञानशिक्षणाचा उपक्रम चालला, त्याचा आधारही हाच होता : आधीं हातानें करावें, आणि नांव मागाहून द्यावें. तो उपक्रम २००२ मध्यें बंद पडला, परंतु त्यांतून निघालेले साधे प्रयोग अजून शाळाशाळांतून फिरत आहेत.

आतां ज्या विषयावांचून लातूर जिल्ह्यांतील विज्ञानाचें शिक्षण पुरें होऊं शकत नाहीं त्याकडे वळावयाचें. ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी. गणपति बोळवून माणसें थकूनभागून निजलेलीं. तीन वाजून छप्पन्न मिनिटांनीं जमीन हादरली आणि कांहीं सेकंदांत किल्लारी, सास्तूर आणि आसपासचीं गांवें मातीच्या ढिगाऱ्यांत गडप झालीं. सुमारें आठ हजार माणसें गेलीं. कांहीं गणना हा आंकडा त्याहूनही वर नेतात. शिरूर अनंतपाळ तेथून पन्नास किलोमीटरांच्या आंत आहे. या तालुक्यांतील आजच्या शाळकरी मुलांच्या आजी-आजोबांना ती पहांट आठवते, आणि मुलें त्यांच्याकडून ती गोष्ट ऐकतच मोठीं होतात. मग तीं वर्गांत विचारतात, 'इतकीं माणसं मेलीं कशानं?' या प्रश्नास 'भूकंपानें' हें उत्तर पुरेसें नाहीं. जमीन हलल्यानें माणूस मरत नाहीं. तो घरानें मेला.

तें घर कसें होतें? दोन-अडीच फूट रुंदीच्या भिंती. बाहेरच्या आणि आंतल्या अशा दगडांच्या दोन रांगा, मधें खडी-माती भरलेली, आणि सर्व काम मातींत. दोन रांगांना बांधून धरणारा आरपार दगड क्वचितच. वर लांकडी माळवद, आणि त्यावर मातीचा जाड थर. हा थर उन्हाळ्यांत घर थंड ठेवी. पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं दरवर्षीं पांढऱ्या मातीचा नवा हात त्यावर दिला जाई. जुनी माती मात्र क्वचितच कोणी काढी. पिढ्या-दोन पिढ्यांत थर अर्धा मीटर वाढला तर नवल नव्हे. तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद अशा एका खोलीवर अर्धा मीटर माती म्हणजे साडेचार घनमीटर. घनमीटरभर मातीचें वजन दीड टनाहून अधिक धरल्यास निजलेल्या माणसांच्या डोक्यावर सुमारें सात टन ओझें होतें. ज्या मातीनें शंभर उन्हाळे सुसह्य केले तीच त्या पहांटे खालीं आली.

यांतील विज्ञानाचें तत्त्व तिसरीच्या मुलासही समजतें, कारण तें रोज यष्टींत त्याचा अनुभव घेतें. गाडी एकदम सुटली म्हणजे उभें राहिलेलें माणूस मागें कोसळतें. पाय गाडीबरोबर गेलेले असतात, धड जेथल्या तेथें राहूं पाहतें. पेल्यावर पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर नाणें ठेवून पुठ्ठा झटक्यानें ओढला तर नाणें पेल्यांतच पडतें. वस्तु जितकी जड तितकी ती आपली जागा सोडावयास नाखूष. यासच जडत्व म्हणतात. जमीन बाजूला सरकते, भिंतीचा पाया तिच्याबरोबर सरकतो, आणि वरचें सात टनांचें माळवद मात्र जागच्या जागीं राहूं पाहतें. मधल्या भिंतीला ही ओढाताण सोसत नाहीं. तिच्या दोन रांगा फांकतात आणि ती ढांसळते. वर्गांत हें दाखवावयाचें असल्यास परातींत वाळू पसरून तींत खड्यांच्या दोन छोट्या भिंती रचाव्या, एकीला तशीच ठेवावी, दुसरीच्या भोंवतीं वरखालीं सुतळीचे दोन वेढे घट्ट आवळावे, दोहींवर सारखें ओझें ठेवावें आणि परात झटक्यानें हलवावी. पुनर्वसनाच्या घरांत भिंतींच्या मधून काँक्रीटचा अखंड पट्टा कां फिरवला, हें त्या सुतळीकडे पाहून कळतें. हा प्रयोग करतांना वर्ग कांहीं क्षण गप्प होतो असा अनुभव येणें शक्य आहे. गुरुजींनीं ती शांतता मोडण्याची घाई करूं नये.

मुलांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड : जमीन हललीच कां? या पठाराचा काळा दगड हा सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्हारसाचा आहे. किल्लारीस खोल भोंक पाडून पाहिलें तेव्हां तो थर सुमारें ३४० मीटर जाडीचा निघाला, आणि त्याखालीं त्याहून कितीतरी जुना खडक लागला. हिंदुस्थानची भूमि वर्षाला सुमारें पांच सेंटिमीटर, म्हणजे नखें वाढतात त्या बेतानें, उत्तरेकडे सरकत आहे आणि हिमालयाशीं तिची रेटारेटी चालू आहे. त्या रेट्याचा ताण दूर दख्खनच्या पोटांतील जुन्या भेगांवरही येतो आणि एखादे दिवशीं भेग सरकते. ती कोणत्या दिवशीं सरकेल हें आजही कोणास सांगतां येत नाहीं. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीस लहान धक्के बसले होते. त्यांनंतर मोठा येईलच असें त्या वेळीं छातीठोकपणें सांगण्यास शास्त्रापाशीं साधन नव्हतें. शास्त्राला काय ठाऊक नाहीं हेंही मुलांना स्पष्ट सांगावें. तसें सांगितलें नाहीं तर 'अमुक तारखेला भूकंप होणार' असल्या अफवेला तीं सहज बळी पडतात.

विजेचें थोडक्यांत. मृगापूर्वींच्या वळवांत आणि परतीच्या पावसांत मराठवाड्यांत वीज पडून माणसें व गुरें दगावतात, आणि त्यांतलीं पुष्कळशीं झाडाखालीं आसऱ्यास गेलेलीं असतात. लखलखाट दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंत सेकंद मोजावे. तीन सेकंदांस एक किलोमीटर, कारण ध्वनि सेकंदाला सुमारें ३४० मीटर जातो आणि प्रकाशाला तेवढ्या अंतरास वेळ लागतच नाहीं म्हटलें तरी चालेल. तीस सेकंदांच्या आंत गडगडाट आला तर वीज दहा किलोमीटरांत आहे. गुरें झाडाला बांधूं नयेत, माणसानें एकट्या झाडाखालीं उभें राहूं नये, पक्क्या घरांत जावें, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊं नये. गुरें राखणाऱ्या पोराला अंकगणिताचा इतका रोकडा उपयोग दुसरा नाहीं.

आणि शेवटीं बीं. पुस्तकांत 'बीजाचें अंकुरण' हा धडा असतो आणि त्यासाठीं ओल्या कापसांत मटकी ठेवण्याचा प्रयोग सांगितलेला असतो. प्रयोग चांगला आहे. पण शिरूरच्या मुलाच्या घरीं वर्षाची पोटगी मटकीवर नाहीं, सोयाबीनवर आणि तुरीवर आहे. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत सोयाबीनचें बियाणें उगवलें नाहीं अशा हजारों तक्रारी आल्या आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलें. पेरणी, बियाणें, मजुरी आणि ओल हीं चारही एकदमच वायां गेलेल्या घरांतलें मूल दुसऱ्या दिवशीं शाळेंत येतें. त्याला ओल्या कापसांतली मटकी दाखवून चालावयाचें नाहीं.

कृषिखातें शेतकऱ्यास पेरणीपूर्वीं जी चांचणी करावयास सांगतें, ती दहा वर्षांचें मूल सहज करूं शकतें. गोणपाटाचा तुकडा स्वच्छ धुऊन ओला करावा. पोत्याच्या वरच्या, मधल्या आणि तळच्या भागांतून मूठमूठ दाणे घेऊन त्यांतून न निवडतां शंभर मोजावे. 'न निवडतां' या शब्दावर मुलें हमखास अडतात. चांगले टपोरे दाणे वेंचण्याचा मोह त्यांना आवरत नाहीं. पण टपोरे वेंचले तर परीक्षा त्या शंभरांची होते, पोत्याची होत नाहीं. दहा-दहांच्या दहा ओळी दीड-दोन सेंटिमीटरांच्या अंतरानें मांडाव्या, वर दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करावी आणि ती सावलींत ठेवून अधूनमधून पाणी शिंपडावें. पाणी थबथबतां कामा नये. बियाला ओलीइतकीच हवाही लागते, आणि बुडालेलें बीं गुदमरतें. पांच-सहा दिवसांनीं गुंडाळी उलगडून निकोप कोंब आलेले दाणे मोजावे.

त्याच वेळीं दुसऱ्या गोणपाटांत तूर आणि हरभरा ठेवून, पुढें तिन्ही जातींचीं रोपें एका कुंडींत लावलीं तर आणखी एक नवल दिसतें. सोयाबीन आपल्या दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन मातीबाहेर येतें. तूर आणि हरभरा आपल्या डाळिंब्या जमिनींतच ठेवून नुसता कोंब वर पाठवितात. म्हणूनच सोयाबीन तीन-चार सेंटिमीटरांहून खोल पेरूं नये. एवढें मोठें ओझें घेऊन, वरची काळी माती पावसानें दाबून टणक झालेली असतां, त्याला बाहेर पडणें जड जातें. शिवाय त्याचें साल पातळ असतें. पोतें आदळलें, किंवा मळणीयंत्राचा वेग अधिक ठेवला, तर आंतला अंकुर दुखावतो आणि दाणा बाहेरून मात्र धडधाकट दिसतो.

शंभरांतून सत्तर किंवा अधिक उगवले तर एकरीं तीस किलो बीं पुरतें. कमी उगवले तर त्या प्रमाणांत बीं वाढवावें. साठांच्याही खालीं गेले तर तें बियाणें म्हणून वापरूं नये. समजा, चौथींतल्या एखाद्या मुलीच्या गोणपाटांत बासष्ट कोंब निघाले. तीस गुणिले सत्तर भागिले बासष्ट : जवळजवळ चौतीस किलो. हें त्रैराशिक तिनें वडिलांपाशीं बसून जूनच्या पहिल्या आठवड्यांत सोडविलें तर पंचाहत्तर-शंभर मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा येईपर्यंत आणखी बीं आणावयास किंवा तें बदलावयास हातांत वेळ असतो. मग उरलेले अडतीस न उगवलेले दाणे तिनें नखानें फोडून पाहावे. कांहीं आंतून बुरशीनें काळे पडलेले निघतात, कांहींच्या डाळिंब्यांना चीर गेलेली असते, आणि दोन-चार तर अजून कोरडेच असतात, जणूं त्यांना पाण्याचा स्पर्शच झाला नव्हता.